सोफा, खुर्ची, सतरंजी

पांढऱ्या खोळीच्या सोफ्यावर गिरिजा अंग चोरून बसली होती. शेजारी कर्नलसाहेबांच्या पत्नी, जयंतीबाई.

चौऱ्याऐंशी साली जयपूरच्या छावणीत रविवारी दुपारी सिनेमा असे. मागे साहेबलोकांना सोफे, मध्ये सुभेदारांना खुर्च्या, पुढे जवानांना सतरंजी. इंग्रज सगळं घेऊन गेले, बसायची रीत तेवढी न्यायला विसरले. गिरिजाचा नवरा हणमंत साधा शिपाई. दोघं मुद्दाम वेगवेगळ्या वाटांनी आली होती. काळी पोत तिने ब्लाउजच्या आत ढकलली होती. कळलं तर संध्याकाळी दोघांच्या ट्रंका रस्त्यावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"टेकून बसा ना," जयंतीबाई म्हणाल्या. "इथे पहिल्यांदाच?"

"हो."

सिनेमा विलायतेतला. वरच्या मजल्यावर उमराव, तळघरात नोकर. एक मोलकरीण हौसेने मालकिणीच्या खुर्चीत बसते, पकडली जाते आणि ट्रंक घेऊन बर्फात चालू लागते. सतरंजीवरचे जवान हसले. गिरिजाला घाम फुटला. अशा गोष्टीला हसतात तरी कसे?

मध्यंतरात सोफ्यांवर कपबशीतून चहा येई, आणि आज चहाची पाळी नेमकी हणमंतची. काल मोती डुंगरीच्या देवळात त्याने बजावलं होतं, "माझ्याकडं बघू नगंस. मी बी बघणार न्हाई."

तो खरंच बघत नव्हता. मान खाली घालून प्रत्येकीला "चीनी?" विचारत तो पुढे सरकला. जयंतीबाईंना दोन चमचे. मग गिरिजाच्या हातात त्याने न विचारताच बिनसाखरेचा कप दिला. सवयच ती, जाते कुठे?

जयंतीबाईंचा चमचा थांबला. "सगळ्यांना विचारलंस. यांना साखर नको, हे तुला कसं ठाऊक?"

हणमंतची नजर नकळत गिरिजाकडे गेली.

त्या गिरिजाकडे वळल्या. "ओळखता याला?"

गिरिजाच्या डोळ्यांसमोर ती बर्फातली ट्रंक आली.

"नाही," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मग बघत काय उभा राहिलास?" जयंतीबाई हणमंतला म्हणाल्या. "हॉस्पिटलच्या नव्या नर्स आहेत या, लेफ्टनंट. न विचारता कप दिलास, माफी माग."

हणमंतने ट्रे खाली ठेवला, टाचा जुळवल्या आणि आपल्या बायकोला कडक सॅल्यूट ठोकला.