हुंकाराची पाळी

दिवा हिरवा झाला आणि राजेश्वरआप्पांनी हुंकार दिला. आत कॉम्प्युटरपाशी नातीनं, वर्षाराणीनं, टपकन बटण दाबलं. दिवा पुन्हा निळा.

घाटनांदुरात टॉवर नवा उभा राहिला होता, पण त्याची रेंज आप्पांच्या घरात शिरायला लाजायची. म्हणून इंटरनेटचं बोटभर यंत्र लांब वायरीनं खिडकीबाहेर, रेंज गोळा व्हावी म्हणून तळणाच्या कढईत टांगलं होतं. समोर खाटेवर आप्पा. यंत्राच्या तऱ्हा तीन. काम चालू असलं की निळा. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरता भरता नातीनं कॉलेजांच्या पुस्तकात डोकं घातलं, की बोलायला कुणी नाही म्हणून ते डुलकी काढायचं, दिवा हिरवा. तेवढ्यात बटण दाबलं तर जागं व्हायचं. नाहीतर लाल. मग टॉवर नव्यानं शोधा आणि फॉर्म पहिल्यापासून भरा. असं दोनदा झालं होतं, आणि पाच वाजता मुदत संपत होती.

"हिरवा दिसला की नुसतं हूं म्हणा, आप्पा," एवढंच काम तिनं दिलं होतं.

आता आप्पा म्हणजे सांगणारा माणूस. त्यांच्या गोष्टीतला लिंबागणेशच्या डोंगरातला वाघ दर खेपेला वीतभर वाढायचा. सध्या तो एसटीत मावत नव्हता. ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हुंकार द्यायचा, चुकला की गोष्ट बंद. टीव्ही आल्यापासून घरात हुंकार देणारी एकटी वर्षाराणी उरली होती. आणि तीच शिकायला पुण्याला निघाली होती. चार दिवस आप्पा तिच्याशी धड बोलले नव्हते.

"जल्मभर दुसऱ्याला हूं हूं करायला लावलं," जगदेवीबाई ज्वारी निवडता निवडता नवऱ्याला म्हणाल्या. "आता बसा."

पावणेपाचला दिवा पुन्हा हिरवा झाला. खिडकीतून नात पाठमोरी दिसत होती, पुस्तकात डोकं घालून.

आप्पा गप्प राहिले.

काही करायचंच नव्हतं. म्हाताऱ्याचा डोळा लागला, कोण काय बोलणार? इंजिनिअरिंग हुकलं तर अंबाजोगाईचं बीएस्सी होतंच, एसटीनं पाऊण तास. रोज संध्याकाळी पोरगी घरी आणि वाघ अंगणात. दिवा लुकलुकला. मग जरा थांबून लुकलुकला. आप्पांनी तोंड फिरवलं, तर समोरच्या दोरीवर तिच्या शाळेचा जुना युनिफॉर्म फडकं होऊन वाळत होता.

"हूं," आप्पा म्हणाले. "हूं, हूं. ऊठ बे, ऊठ."

शेजारच्या अंगणात झोपलेला बिभीषण दचकून खरंच उठला.

फॉर्म गेला तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. वर्षाराणी बाहेर येऊन खाटेच्या काठावर टेकली.

"उशीर केलात, आप्पा."

"डोळा लागलता."

"यंत्र झोपलं की कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातबी दिसतं. निवड तर माझी दुपारीच ठरलती. मघाशी पुस्तक नुसतं उघडं धरलं होतं, बोट बटणावरच होतं."

आप्पांनी कढईतल्या दिव्याकडं पाहिलं. "मग मला कामून बसवलं इथं?"

"तुमी जागवता का झोपवता, ते बघायला." ती हसली. "तुमी गप्प बसले असते तरी बटण मी दाबणारच होते. फक्त पुण्याला जाताना तुमच्या पाया पडले नसते."