आरतीतला लांब सूर

जयपूरच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीतला लांब सूर साधनाकाकूच एका दमात ओढायच्या. गेल्या वर्षी तो ओढतानाच लघवी सुटली आणि सतरंजी भिजली. यंदा तरुण चिटणीस आसावरीनं त्यांची खुर्ची बाथरूमच्या दाराशी मांडली. “काकू, मतलब, तुमच्याच सोयीसाठी.” काकूंनी खुर्ची उचलली, गर्दीतून थेट पेटीशेजारी आणून ठेवली आणि त्या ऐसपैस बसल्या. “पुन्हा झालं तर?” आसावरी कुजबुजली. “होईलही. म्हणून पॅड लावून आलेय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले व्यायामही करतेय. वर्षभर तोंड लपवलं, आता नाही.” त्यांनी सूर असा ओढला, की टाळ वाजवणारेही थबकले. प्रसाद वाटताना आसावरी काकूंच्या कानाशी वाकली. “काकू, बाळंतपणापासून शिंकलं की माझंही तसंच होतं. पॅड कुठं मिळतात?” “मोठ्यानं विचार.” आसावरीनं घसा खाकरला आणि भरल्या सभागृहात पुन्हा, मोठ्यानं विचारलं.