कर्दळीचं पाणी

गोटीराम कडेला पचकन थुंकला आणि म्हणाला, "मॅडम, काम तुमच्या नकाशापरमानंच हाय. एक पाइप इकडचा तिकडं नाय."

सुमेधाने ओढणी नाकाला लावली. समोर तुर्भ्याचा काळा नाला उकळत होता, पण तिला शिसारी आली ती या कंत्राटदाराचीच. तोंडात कायम मावा, बोटं पिवळी. नव्याकोऱ्या गोदामाच्या खांबांवर त्याच्या माणसांनी लाल पिचकाऱ्या मारून ठेवल्या होत्या. आर्किटेक्ट म्हणून या इमारतीसाठी तिने जिवाचं रान केलं होतं आणि ती असल्या हातांत पडली होती.

इथून राज्यभर ट्रकने माल जायचा होता. छपरात काचेच्या पट्ट्या होत्या, म्हणजे दिवसा दिवे नकोत. पण सुमेधाचा खरा जीव होता मागच्या कर्दळीच्या वाफ्यांत. संडास-मोऱ्यांचं पाणी त्या मुळांतून गाळून पुन्हा संडासांच्या टाकीत चढवायचं, ही कल्पना सत्त्याण्णव साली लोकांना चेष्टेची वाटायची. मालक सामंतांनाही वाटली होती. "चाचणी नीट झाली तर ठीक, नाहीतर कर्दळ उपटून साधी सेप्टिक टाकी बांधू," असं त्यांनी आज सकाळीच बजावलं होतं. तसं झालं तर तिच्या ऑफिसात असलं काम तिला पुन्हा कोणी दिलं नसतं.

सामंत साइट ऑफिसात पंख्याखाली बसले होते. भिंतीवर तिचा नकाशा टांगलेला होता. मूळ नकाशा तिने हौसेने रंगवला होता; ही त्याची साइटवरची अमोनिया प्रिंट, म्हणजे नक्कल, नेहमीसारखी जांभळट निळी. त्यावर तंबाखूच्या बोटांचे ठसे उमटले होते.

"नकाशाला तरी धुतलेले हात लावा," ती म्हणाली.

"कामावर हात कुठं ऱ्हातात चांगले?" गोटीराम हसला. दात लालभडक.

मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. कामगारांसाठी बसवलेल्या कूलरचं पाणी साइटवर झाडलोट करणाऱ्या भिमाबाईने तिला आणून दिलं. पाण्याला कसलासा कुबट वास होता. ग्लास विसळतसुद्धा नाहीत मेले, असं मनात म्हणत तिने नाक दाबून तो रिकामा केला.

"प्लंबर दिसत नाहीत कुठे?" सामंतांनी विचारलं.

"पोटं बिघडल्यात, शेठ. आठवडाभर कोनी ना कोनी पडूनच हाय. उघड्यावरचं खातात, आनि काय!"

घाणीत राहायचं आणि वर हसायचं. सुमेधाने तोंड फिरवलं. पाइप टाकायच्या वेळी याच माणसाने फोन करून काहीतरी शंका काढली होती. तेव्हाही तोंडात मावा, धड शब्द कळेना. "नकाशाच्या खाली सगळं लिहिलंय. वाचता येतं ना?" असं म्हणून तिने फोन आपटला होता.

वाफे आणि पंप आठवडाभर चालूच होते; चाचणी साधी होती. गाळलेल्या पाण्याच्या हौदात हलवायाकडचा हिरवा रंग ओतायचा, पंप लावायचा. संडासात हिरवं पाणी उतरलं की काम फत्ते.

रंग ओतला. पंप घुरघुरला. सगळे संडासापाशी जाऊन थांबले. बऱ्याच वेळाने सुमेधाने साखळी ओढली.

पाणी स्वच्छ होतं. पुन्हा ओढली. पुन्हा स्वच्छ.

"बघितलंत?" तिचा आवाज चढला. "यांनी संडासाला चांगलं पाणी जोडलंय! कर्दळीचं पाणी दिलंय नाल्यात सोडून. माझ्या कामाची पार माती केली या माणसाने."

"देवाशपथ नाय, मॅडम."

"देव मध्ये आणू नका!"

ते नाल्यावर गेले. नाला काळाच होता. हिरव्याचा मागमूस नव्हता. हौदात रंग होता, पंप पाणी ओढत होता, आणि ते पाणी कुठे जात होतं ते कोणालाच सांगता येईना.

सामंतांनी घाम पुसला. "जाऊ दे, मॅडम. नसती कटकट. सेप्टिक टाकीच बांधू."

सुमेधाला रडू फुटेल असं वाटलं. ऑफिसात येऊन ती खुर्चीत कोसळली. "हात धुवायची अक्कल नाही त्यांच्या हाती काम दिलं की हेच होणार," ती सामंतांना म्हणाली, गोटीरामला ऐकू जाईल अशा बेताने. त्याने मान खाली घातली.

"भिमाबाई, पाणी द्या हो. घसा सुकलाय."

भिमाबाई ग्लास घेऊन आली आणि दारातच घुटमळली.

"मॅडम, कूलरमंदी कुनी खसचं सरबत टाकलंय का?"

ग्लासातलं पाणी हिरवंगार होतं.

सुमेधाचा हात आपसूक पोटावर गेला. गोटीराम उठला, भिंतीवरचा नकाशा काढून त्याने तिच्यापुढे टेबलावर पसरला आणि पिवळं बोट तळाशी ठेवलं. तिच्याच सुबक अक्षरात तिथे लिहिलं होतं: निळी रेघ पिण्याच्या पाण्याची, हिरवी रेघ कर्दळीच्या पाण्याची.

"फोनवर तुमाला हेच विचारलेलं, मॅडम," तो म्हणाला. "यातली हिरवी कोनची?"

नकाशावर सगळ्या रेघा निळ्याच होत्या.