गोमाजीचा पुकारा

पदरानं तोंड झाकून शकुंतलाबाई काहीतरी बोलली आणि पदर खाली घेऊन थांबली.

"ऐकू नाई आलं," गोमाजी म्हणाला.

"असंच म्हणाचं. अंदाजानं बोलाचं नाई."

एकोडीच्या त्या घराच्या अंगणात दोघं समोरासमोर बसली होती. गुरुवारी नागपूरकडच्या लष्करी इस्पितळात गोमाजीचा मेडिकल बोर्ड होता, आणि तो शेवटचा होता. तोफखान्यात हवालदार असताना तोफेच्या आवाजानं त्याचे दोन्ही कान गेले, आणि जाताना अंगाचा तोलही घेऊन गेले. आधीच्या बोर्डानं मात्र कारण लिहिलं, वय. सरकारी कागदाला माणसाचं वय फार लवकर दिसतं. अपिलात कशीबशी आणखी एक तपासणी मिळाली होती. ती हुकली की फाईल कायमची बंद. पेन्शन वाढेल न वाढेल, पण आपले कान नोकरीत गेले एवढं तरी कुणी लिहून द्यावं, असं गोमाजीला वाटायचं. आशा तशी फारशी उरली नव्हतीच.

गावातला जागेश्वर, तोही फौजेतून आलेला, या वाटेनं आधी जाऊन आला होता. त्यानं गोमाजीला समोर बसवून, तोंड नीट हलवत बजावलं होतं. "काका, तिथले साहेब गोडीनं बोलतेत. तुमी ओठ पाहून फटाफट उत्तरं देल्ली का संपलं. ऐकू येते म्हणून लिहून टाकतेत."

भीती खरी होती. ओठ वाचायला गोमाजीला शकुंतलाबाईनंच शिकवलं होतं. तो फौजेत होता ती सगळी वर्षं ती धानाच्या गिरणीत राबली, भरडायच्या यंत्राच्या अगदी कडेला. त्या धडधडीत कोण कुणाचं ऐकणार? बाया एकमेकींच्या तोंडाकडे पाहूनच सुखदुःख बोलायच्या. नवरा बहिरा होऊन घरी आला तेव्हा तिनं तीच विद्या त्याला दिली. आता तीच त्याला विसरायला लावायची होती.

सकाळी शेतात तोलाची तालीम चाले. डोळे मिटून, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत धुऱ्याच्या बांधावरून सरळ चालायचं. गोमाजी दोन पावलांत कलंडायचा, पण पडायच्या आत दात खाऊन स्वतःला सावरायचा.

"सावरू नोका," त्यानं डोळे उघडल्यावर ती म्हणाली. "पडाले झालं तर पडा."

"साहेबासमोर पडू?"

"पडा."

"हवालदार होतो मी, शकुंतला."

तिला त्याची फार दया आली. त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवून ती घराकडे निघाली.

वाटेत मागून जागेश्वरची मोटारसायकल आली. हॉर्न वाजवून वाजवून तो बेजार झाला, शेवटी गाडी बाजूच्या गवतात घालून त्यानं दोघांना गाठलं.

"काकी, काकाचं ठीक आहे. तुमी तरी बाजूले व्हा ना!"

"याहीच्या पायाकडं ध्यान होतं, बापा."

जागेश्वरच्या मोबाईलवर सचिन होता, पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा. पडद्यावर त्याचा चेहरा वैतागलेला दिसत होता.

"आई, तू फोन काहून नाई उचलत वं? सकाळपासून लावून राहिलो!"

"कामात होती रे."

"बाबासोबत मी येऊ का गुरुवारी? रजा टाकतो."

"कायले? मी आहो ना." ती हसली. "याहीचे कान मीच."

जागेश्वरनं निघताना तिला पुन्हा सांगितलं. "तिथं लय गर्दी राहते. तीनदा पुकारतेत, नाई उठलं का गैरहजर. मंग कोणी ऐकून घेत नाई."

"मी दारासमोरच बसतो," शकुंतलाबाई म्हणाली.

आणि गुरुवारी इस्पितळात ती खरंच दारासमोर बसली. तिथं आधी बसलेल्या माणसाला हातापाया पडून उठवलं आणि गोमाजीला शेजारी घेतलं. गर्दीत मान वर केली की त्याला गरगरायचं, म्हणून तो फरशीकडे बघत होता. त्यानं धुतलेला शर्ट घातला होता आणि छातीवर जुनी पदकं लावली होती. आज साहेबासमोर पडायचं असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

दारातून जाड मिशांचा शिपाई येई, नाव पुकारी. शकुंतलाबाई त्याच्याकडे टक लावून बघे, मग गोमाजीकडे वळून मान हलवी. आपलं नाही. असं किती वेळा झालं. डबा उघडून तिनं त्याला पोळी खाऊ घातली, तेव्हाही तिची नजर दारावरून हलली नाही.

दुपारी शिपाई बदलला. नवीन पोरगेलासा होता, खोकला झालेला, तोंडाला मास्क लावून.

"हवालदार गोमाजी कापगते!"

बाकांवरच्या माणसांनी इकडेतिकडे पाहिलं.

"हवालदार गोमाजी कापगते! एकोडी!"

शकुंतलाबाई त्याच्या मास्ककडेच बघत होती. टक लावून, पुढे वाकून. तिच्या कपाळावर आठी पडली होती.

तिसऱ्यांदा त्या पोरानं असं ओरडून पुकारलं की भिंतीला टेकून डुलकी घेणारा म्हातारा दचकून जागा झाला. पोरगा थोडा थांबला. मग हातातल्या यादीवर एक रेघ मारून त्यानं पुढचं नाव घेतलं.

गोमाजीनं मान वर करून बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठ सावकाश हलवत, त्याला नीट कळेल असं सांगितलं, "बसा. आपलं नाव नाई आलं अजून."