सोडलेली दावी

मोटर काढायला उतरताना दोर तुटला अन् केशरबाईचा नवरा भिवा विहिरीच्या तळाला आदळला. तिचा टाहो ऐकून तीर्थपुरीच्या शिवारातली माणसं धावत आली, काठावरून वाकली अन् आली तशी पळत सुटली. "पंचनाम्याला भ्याले मेले!" ती काठावर येरझारा घालत एकेकाच्या नावानं बोटं मोडत राहिली, शेजारच्या शेतातल्या कडूबाचा तर बापही काढला. खालचं कण्हणं बारीक होत चाललं. तेवढ्यात कडूबाच डोक्यावर बाज घेऊन आला. मागं बाकीचे, खांद्यावर बैलांची दावी अन् कासरे. गाठीला गाठ मारून बाज बांधली, तिच्यावर बसून कडूबा उतरला. रक्तबंबाळ भिवा वर आला अन् शेताकडं बघून कळवळला, "आगं, आपल्या गव्हात बैलं शिरले!" तेव्हा कुठं सगळ्यांना आपापली सोडलेली जनावरं आठवली. धावणाऱ्यांना केशरबाई आडवी आली, "ऱ्हाऊ द्या भाऊ, पोटभर खाऊ द्या."