कोवळ्या उन्हाचा रिपोर्ट

व्हिटॅमिन डीचे थेंब दोन महिने कपाटात सीलबंद होते. “आमची पोरं कोवळ्या उन्हावर वाढली,” म्हणत सासूबाई रोज तासभर नातवाला घेऊन गच्चीत बसत. बाळामागे पिचलेल्या शलाकाच्या अंगात वादाचं त्राण नव्हतं.

आज आजी-नातवाचे रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावले. “आजींचं डी उत्तम. बाळाचं आणखी घसरलंय. त्याला उन्हात बसवता कसं?”

सासूबाईंनी तिथेच करून दाखवलं. कानटोपी, झबलं, मोजे, वर दोन दुपटी. नाकाचा शेंडा तेवढा उघडा, त्यावरही काजळाची तीट. “समोरच्या बिल्डिंगची नजर वाईट हो!”

शलाकाला रडायचं होतं, पण जांभई आली.

रिक्षात सासूबाई म्हणाल्या, “उद्यापासून थेंब दे त्याला. आणि तासभर झोप त्याच्याबरोबर. ऊन मी एकटी खाईन.”