बाहेरून कुलूप

"तुम्ही सल्ला देत नाही. तुम्ही माणसं हाकलता, आणि त्यालाच सल्ला म्हणता!"

कोर्टाच्या मोफत सल्ल्याच्या टेबलापुढे उभी राहून किल्लीवाली मावशी बोलली, आणि टेबलामागच्या वकीलबाईंनी हातातला कप खाली ठेवला. मागची रांग पुढं झुकली. सगळ्यांच्या पोटातलं कुणीतरी ओठांवर आणलं होतं, पण मान डोलवायची हिंमत एकालाही झाली नाही. मान डोलवली आणि तारीख पुढं गेली तर?

"बसा मावशी. कुणी हाकललं?"

"कोर्टाच्या खिडकीवाल्या कारकुनानं. म्हणाला, जिचं भांडण तिला आणा, तुमचा काय संबंध? संबंध सांगितला, तर हसला. फाटकाबाहेरचा एजंट म्हणतो, पोरीची कोऱ्या कागदावर सही आणा, आठवड्यात काडीमोड. आणि मोबाईलवरच्या व्हिडिओत एक टायवाला आहे, तो म्हणतो, बाईनं घर सोडलं की लेकरू बापाचं. कुणाचं खरं धरू?"

"कुणाचंच नको. कोऱ्या कागदावर सही म्हणजे आपणच आपली मान पुढं करायची. आणि मार चुकवायला बाई घराबाहेर पडली, एवढ्यावर तिचं लेकरू कुणी काढून घेत नाही."

"नक्की?"

"नक्की."

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकली. तिच्या बोटांच्या चिरांत पितळेची पिवळी भुकटी बसलेली होती. चौकात तिची किल्ल्यांची टपरी. नवरा गेल्यापासून ती एकटीच कानस चालवत होती.

"आमची पोर त्या टायवाल्याचं ऐकून बसलीय," ती म्हणाली. "अंगावर वळ दिसले की सांगायची, न्हाणीत घसरले. माणूस किती वेळा घसरेल? आता मारून झालं की तिचा नवरा बाहेरून कुलूप लावतो आणि कामावर जातो. नात दोन वर्षांची. कडी वाजली की पलंगाखाली शिरते. तिच्या दुधाचं नाव काढलं तर म्हणतो, मला पगारच नाही."

"आहे का?"

"आहे. गोदामात मुकादम आहे. पाकीट कपाटात, स्वेटरच्या घडीत ठेवतो."

वकीलबाई लिहीत होत्या. "मग ऐका. घटस्फोट वेगळा आणि लेकराचा खर्च वेगळा. घटस्फोटाला वेळ लागेल, पण खर्च त्याआधीही मागता येतो. नवराबायकोचं नातं तुटतं मावशी, बापाचं तुटत नाही. पण आधी पोरीला बाहेर काढा. कुलूप तोडावं लागलं तरी चालेल."

"तोडायला कशाला लागतंय? कुलूप आमच्याच टपरीतलं आहे." मावशीनं मूठ उघडली. तळव्यावर ताजी घासलेली किल्ली होती. "कालच केली. पण पोर उंबरा ओलांडत नाही. म्हणते, बाहेर पडले तर बाळ जाईल. एक कुलूप दाराला, एक तिच्या डोक्यात. दुसऱ्याची किल्ली माझ्याकडं नव्हती. म्हणून आले."

"जावयाला भेट मात्र चांगली दिलीत, कुलपाची!"

मावशी हसली नाही. तिनं मूठ पुन्हा मिटली.

"त्यानं खर्च दिला नाही तर?"

"वेळ आली तर तुरुंगही होतो."

"तिथं पांघरूण देतात का?"

"काय?"

"त्याला थंडी सोसत नाही. छाती भरते."

वकीलबाईंनी पेन थांबवलं. "कमाल आहे! पोरीला गुरासारखं मारणाऱ्या जावयाची एवढी काळजी? मावशी, दया करायची तर पोरीवर करा."

"तिच्यावरच करतेय," मावशी म्हणाली. "पुढचं सांगा."

"पुढं साक्षीदार लागेल. मारताना, कुलूप लावताना कुणी पाहिलंय? शेजारी?"

"शेजारी रेडिओचा आवाज वाढवतात."

"मग लढाई अवघड आहे, खोटं सांगत नाही. तिकडून त्याची आई उभी राहील. डोळ्याला पदर लावून म्हणेल, माझा लेक गरीब गाय आहे, सूनच कजाग. म्हातारी रडायला लागली की समोरचे विरघळतात. तिच्यासमोर ठाम उभं राहील असं माणूस आहे का तुमच्याकडं?"

"ती तसं म्हणणार नाही."

"सगळ्या म्हणतात हो! लेकाच्या अंगावर आलं की आई आंधळी होते. एकसुद्धा अपवाद मी बघितलेला नाही."

रांगेतलं कुणीतरी खाकरलं. मावशीनं किल्ली टेबलावर ठेवली आणि दोन्ही तळवे साडीला पुसले.

"मी पाहिलंय त्याला. मारताना पण, कुलूप लावताना पण."

"तुम्ही? कुठून, रस्त्यावरून?"

"आतून."

"आतून म्हणजे? तुम्ही त्याच्या घरात काय करत होतात?"

"परवा ताप होता, म्हणून टपरी उघडली नाही. मागच्या खोलीत पडून होते. त्याला वाटलं, मी टपरीवर गेले. पोरीचं तोंड उशीनं दाबून मारत होता, आवाज होऊ नये म्हणून. मी दारात येईपर्यंत कडी लागली, कुलूप पडलं. संध्याकाळी तो येईपर्यंत आम्ही तिघी आत."

मावशी उठून उभी राहिली.

"खिडकीवाला हसला. तुम्ही हसू नका, नुसतं सांगा. नऊ महिने पोटात वाढवलाय मी त्याला. आईची साक्ष लेकाच्या विरुद्ध तुमच्या कोर्टात चालते की नाही? बोला!"